दंडावरची पट्टी कुणाला द्यावी?

पावसाळा सरत आला, की कोल्हापूरच्या पेठांत फुटबॉलची बोलणी सुरू होतात. कुठला खेळाडू कुठल्या संघात चालला, बाहेरून कोण येणार, प्रशिक्षक तोच राहणार का, अशी चर्चा तालमीच्या कट्ट्यावर रात्री उशिरापर्यंत रंगते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल अशा संघांची नावं ज्या शहरात घराण्यांच्या नावांसारखी घेतली जातात, तिथं 'यंदा कॅप्टन कोण?' हा प्रश्न अकरा खेळाडूंपुरता राहत नाही. सगळी पेठ त्यात उतरते.

मी पेठेच्या संघातून खेळलो, पुढं त्याच संघाला शिकवलं आणि आता हा निर्णय होतो त्या बैठकीत बसतो. या सगळ्या वर्षांत माझ्यापुरती एक कसोटी पक्की झाली आहे. ज्याच्या मैदानात असण्यानं बाकीचे दहा जण एरवीपेक्षा बरे खेळतात, तो कर्णधार. ही कसोटी लावायची कशी, हे मैदानानं आणि फुटबॉलच्या इतिहासानं मला शिकवलं. ते इथं क्रमानं मांडतो.

१. आधी काम ठरवा, मग नाव काढा

बैठक सुरू झाली की पहिल्या मिनिटाला नावं येतात. नावं आली की गट पडतात आणि गट पडले की कामाचं बोलणं राहून जातं. म्हणून मी आग्रह धरतो, की पहिला अर्धा तास कुणाचंही नाव घ्यायचं नाही. यंदा कर्णधाराला काय काय करावं लागणार आहे, तेवढंच बोलायचं.

फुटबॉलचे नियम याबाबत फार स्पष्ट आहेत. कर्णधाराला कोणताही विशेष दर्जा किंवा सवलत नाही, मात्र संघाच्या वर्तनाची काही अंशी जबाबदारी त्याच्यावर आहे, असं नियमावली सांगते. म्हणजे अधिकार नाही आणि जबाबदारी आहे. नाणेफेकीला तो जातो. नाणेफेक जिंकली तर कुठल्या गोलच्या दिशेनं खेळायचं की किक-ऑफ घ्यायचा, हे त्यानं ठरवायचं. मे महिन्याच्या उन्हात, वारा एका बाजूनं वाहत असताना हा निर्णय किरकोळ नसतो. टायब्रेकरच्या वेळी पुन्हा नाणेफेक होते, तेव्हाही तोच पुढं असतो.

अलीकडं एक मोठी भर पडली. 2024 च्या युरो स्पर्धेत पंचांच्या निर्णयाबद्दल फक्त कर्णधारानंच पंचांशी बोलायचं, बाकीच्यांनी घोळका करायचा नाही, असा दंडक लागू झाला. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय नियम मंडळानं इतर स्पर्धांनाही ही पद्धत वापरण्याची मुभा दिली आणि मैदानात प्रत्येक संघाचा दंडावर पट्टी बांधलेला कर्णधार असलाच पाहिजे, असं नियमातच आणलं. त्यामुळं पंचांशी शांतपणे, नेमकं आणि आवाज न चढवता बोलता येणं हा आता कर्णधाराच्या कामाचा भाग झाला आहे. ज्याला पंच दिसला की संताप येतो, त्याच्या नावाचा विचार इथंच थांबला पाहिजे, मग तो कितीही चांगला खेळो.

नियमांबाहेरचं काम याहून मोठं. प्रशिक्षकाचं म्हणणं पोरांपर्यंत आणि पोरांचं म्हणणं प्रशिक्षकापर्यंत पोचवायचं, नव्या खेळाडूला सामावून घ्यायचं, दुखापतीमुळं घरी बसलेल्याची चौकशी करायची. ही यादी कागदावर उतरवली, की निम्मी नावं आपोआप गळतात आणि ज्याचा कुणी विचारच केला नव्हता असं एखादं नाव वर येतं.

२. सर्वाधिक गोल हा पुरावा नव्हे

पेठेचा लाडका खेळाडू बहुधा गोल करणारा असतो. गुलाल त्याच्याच अंगावर आधी पडतो. म्हणून पट्टीही त्यालाच द्यावी, असं लोकांना मनापासून वाटतं. पण आघाडीच्या खेळाडूला एक प्रकारचा हट्ट लागतो. तीन संधी वाया गेल्या तरी चौथ्या वेळी गोलवरच मारण्याची धमक त्यानं ठेवायची असते. त्या हट्टावर दहा जणांची काळजी लादली, की कधी कधी गोलही आटतात आणि नेतृत्वही जमत नाही.

तरीही आघाडीचा खेळाडू कर्णधार होऊच नये, असं मी म्हणणार नाही. भारताचा कर्णधार राहिलेल्या सुनील छेत्रीनं ते खोटं ठरवलं आहे. जून 2018 मध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर आंतरखंडीय चषक स्पर्धा झाली. चायनीज तैपेईविरुद्धच्या पहिल्या सामन्यात भारत 5-0 नं जिंकला, छेत्रीनं तीन गोल केले आणि स्टँड बहुतेक रिकामे होते. त्यानंतर त्यानं एक व्हिडिओ टाकला. टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात या, अशी हात जोडून विनंती केली. पुढचा केनियाविरुद्धचा सामना त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. त्या सामन्याची सगळी तिकिटं संपली. भर पावसात तो सामना झाला, छेत्रीनं त्यात दोन गोल केले आणि भारत 3-0 नं जिंकला.

त्याला कर्णधार ठरवणारी गोष्ट माझ्या मते त्या तीन गोलांहून मोठी आहे. आपल्या हॅटट्रिकचं कौतुक सोडून त्यानं संघासाठी प्रेक्षक मागितले. गोल करणाऱ्यांमध्ये ही नजर शोधायची. असेल तर पट्टी खुशाल द्यावी.

३. मैदानातली जागाही बघा

कर्णधार मैदानावर कुठं उभा असतो, याला व्यवहारात फार महत्त्व आहे. मधल्या फळीतला किंवा बचावाच्या मध्यावरचा खेळाडू सगळं मैदान समोर बघतो, त्याचा आवाज दोन्हीकडं पोचतो आणि पंचही बहुतेक वेळा त्याच्या आसपास असतात.

गोलकीपरला तर पूर्ण मैदान दिसतं, आणि मोठे गोलकीपर-कर्णधार झालेही आहेत. 1982 मध्ये डिनो झॉफ चाळिसाव्या वर्षी इटलीचा विश्वविजेता कर्णधार झाला. 2018 मध्ये फ्रान्सनं विश्वचषक उचलला तो ह्युगो लोरीसच्या हातांनी. आपल्या शेजारच्या गोव्याचे ब्रह्मानंद संखवाळकर गोलरक्षक म्हणून भारताचे कर्णधार होते. पण कोल्हापूरचं शाहू स्टेडियम भरलेलं असतं, हलगी कडाडत असते, तेव्हा गोलकीपरचा आवाज हाफलाइनपर्यंतही पोचत नाही. शिवाय समोरच्या गोलपाशी वाद झाला तर तो तिथपर्यंत धावत जाणार कसा? म्हणूनच पंचांशी फक्त कर्णधारानं बोलण्याची पद्धत जिथं आहे, तिथं कर्णधार गोलकीपर असेल तर हे काम मैदानातल्या दुसऱ्या खेळाडूकडं आधीच सोपवायची सोय ठेवलेली आहे. गोलकीपरला पट्टी देणार असाल, तर हा दुसरा माणूस त्याच बैठकीत ठरवून उठा.

४. गोल खाल्ल्यानंतरची तीन मिनिटं बघा

मला एकच निकष ठेवायला सांगितला, तर मी हा ठेवीन. संघ जिंकत असतो तेव्हा सगळेच पुढारी असतात. गोल बसला की खरी माणसं दिसतात. एक जण बचावपटूकडं हात करून ओरडतो. दुसरा कमरेवर हात ठेवून आकाशाकडं बघतो. तिसरा पंचांकडं धावतो. आणि एखादा जाळ्यातून चेंडू काढतो, ज्याच्या चुकीनं गोल झाला त्याच्या पाठीवर थाप मारतो आणि चेंडू घेऊन मध्यावर चालत येतो. सराव सामन्यांत मी चेंडूवरची नजर काढून मुद्दाम हा चौथा मुलगा शोधत असतो.

फुटबॉलच्या इतिहासात याचं सर्वांत मोठं उदाहरण 16 जुलै 1950 चं आहे. रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वे आणि ब्राझीलची निर्णायक लढत होती. ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. उत्तरार्ध सुरू होताच फ्रियासानं ब्राझीलचा गोल केला आणि मैदान दणाणून गेलं. उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलियो व्हारेलानं चेंडू काखेत घेतला आणि ऑफसाइड होता म्हणून वाद घालायला सुरुवात केली. गोल रद्द होणार नाही, हे त्याला कळत होतं. त्याला वेळ हवा होता. गर्दीचा आवाज खाली बसावा आणि आपल्या मुलांचे पाय जमिनीवर यावेत, एवढ्यासाठी तो वाद होता. मग शियाफिनोनं बरोबरी साधली, जिज्जानं दुसरा गोल केला आणि उरुग्वे 2-1 नं जगज्जेता झाला. दोन्हींपैकी एकही गोल व्हारेलाचा नव्हता, तरी तो सामना त्याच्या नावानं ओळखला जातो.

दुसरं उदाहरण जयपराजयाच्या पलीकडचं आहे. 12 जून 2021 रोजी कोपनहेगनमध्ये युरो स्पर्धेच्या सामन्यात डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन मैदानावरच कोसळला. त्याचं हृदय थांबलं होतं. कर्णधार सिमोन केअर धावत त्याच्यापाशी गेला. उपचार सुरू असताना कॅमेऱ्यांची नजर मित्रावर पडू नये, म्हणून खेळाडूंचं कडं त्याच्याभोवती उभं राहिलं, त्यात केअर पुढं होता. पुढं एरिक्सनची जोडीदार मैदानात आली तेव्हा तिला धीर द्यायलाही तोच गेला. त्या क्षणी काय करायचं, हे कुठल्याही प्रशिक्षण वर्गात शिकवत नाहीत. ज्याचं लक्ष एरवीही सहकाऱ्यांकडं असतं, त्यालाच ते सुचतं.

म्हणून निवड करण्याआधी निदान चार-पाच सामने खेळाडूंना या नजरेनं बघा. सरावातही बघा. उशिरा आलेल्याला कोण फोन करतं, सराव संपल्यावर चेंडू कोण गोळा करतं, राखीव खेळाडूंत कोण जाऊन बसतं. हे करणाऱ्याला आपल्याकडं कुणीतरी बघतंय हे माहीतही नसतं, म्हणून ती साक्ष खरी असते.

५. पेठेचा अभिमान जपा, पण संघ पेठेहून मोठा झाला आहे हे ओळखा

आमच्याकडचा सर्वांत नाजूक प्रश्न हा आहे. संघ पेठेचा, तालीम पेठेची, वर्गणी पेठेची, तेव्हा कॅप्टनही पेठेचाच पाहिजे, असं जुनी माणसं म्हणतात. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. ज्यानं लहानपणी याच गल्लीत चेंडू मारला, त्याला त्या जर्सीचं वजन वेगळं वाटतं. पण गेल्या काही वर्षांत कोल्हापूरच्या संघांत दुसऱ्या पेठांतले, दुसऱ्या राज्यांतले आणि नायजेरियासारख्या देशांतून आलेले खेळाडूही खेळले आहेत. कर्णधार फक्त गल्लीतल्या दोस्तांशी बोलत असेल, तर संघात दोन संघ तयार होतात. एक मराठीत हसतो, दुसरा गप्प बसतो.

मी एका मोसमात उलटं घडलेलं बघितलं आहे. आमचा कर्णधार पेठेतलाच होता, शिक्षण बेताचं, इंग्रजी तोडकंमोडकं. पण आफ्रिकेतून आलेल्या खेळाडूला त्यानं पहिल्याच आठवड्यात घरी जेवायला नेलं. त्याच्या आईनं त्या मुलासाठी रस्सा मुद्दाम कमी तिखट केला. दोघांची भाषा मैदानावर हातवाऱ्यांनी चालायची. तो पाहुणा त्या वर्षी ज्या ईर्ष्येनं खेळला, ती पैशानं आणता येत नाही. पेठेचा कर्णधार हवाच असेल, तर असा हवा. पेठेचं दार उघडणारा.

दुसरी गोष्ट दबावाची. कुणी पदाधिकाऱ्याचा पुतण्या असतो, कुणाच्या वडिलांनी जर्सीचा खर्च उचललेला असतो. अशा वेळी 'एक वर्ष देऊन टाकू, काय बिघडतंय' असं बोललं जातं. बिघडतं. खेळाडूंना पहिल्या दिवसापासून कारण ठाऊक असतं आणि त्या मुलाच्या वाट्याला विनाकारण अवहेलना येते. देणगीदाराचा सत्कार करा, फलकावर नाव लिहा, पण पट्टी त्यात घालू नका.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट गॅलरीची. कोल्हापूरच्या फुटबॉलवर इथल्या प्रेक्षकांनी जेवढं प्रेम केलं, तेवढंच हुल्लडबाजीनं त्याचं नुकसानही केलं आहे. बाटल्या मैदानात आल्या, सामने थांबले, संघांवर कारवाया झाल्या. अशा वेळी समर्थक कार्यकर्त्यांचं ऐकत नाहीत, पोलिसांचंही लवकर ऐकत नाहीत. आपल्या कॅप्टनचं मात्र ऐकतात. गॅलरीसमोर जाऊन, हात जोडून, 'भावांनो, खाली बसा, आम्हाला खेळू द्या' असं म्हणणारा आणि ज्याच्या शब्दाला लोक मानतात असा मुलगा संघाकडं असेल, तर त्याच्यासारखी दौलत नाही. याउलट गोल झाल्यावर समोरच्या गॅलरीकडं बघून खुणा करणारा मुलगा कितीही गुणी असला, तरी त्याच्या दंडावर पट्टी बांधणं म्हणजे आगीत तेल ओतणं.

६. मुलांना विचारा, पण निर्णय मतपेटीवर सोडू नका

2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, म्हणून त्या संघाची प्रत्येक बातमी आम्ही बारकाईनं वाचायचो. त्या संघाचे पोर्तुगीज प्रशिक्षक लुईस नॉर्टन डी मातोस यांनी कर्णधार निवडायला मुलांनाच मतदान करायला सांगितलं आणि मणिपूरचा अमरजित सिंग कियाम निवडून आला. शांत, मधल्या फळीत खेळणारा मुलगा. पोरांना माणूस कळतो, याचा मला त्यातून मोठा दिलासा मिळाला.

पण मतदानाची दुसरी बाजूही आहे. 2019 मध्ये इंग्लंडमधल्या आर्सेनल संघात प्रशिक्षक उनाय एमेरी यांनी खेळाडूंचं मत घेऊन ग्रॅनिट झाकाला कर्णधार केलं. महिनाभरातच घरच्या मैदानावर बदली होऊन बाहेर येताना प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, त्यानं रागानं उत्तर दिलं आणि नोव्हेंबरमध्ये त्याचं कर्णधारपद गेलं. सहकाऱ्यांचा विश्वास खरा होता. पण प्रेक्षकांशी त्याचं नातं आधीच ताणलेलं होतं आणि ड्रेसिंग रूममधल्या मतांत ते मोजलं जात नाही.

म्हणून मी मधला मार्ग धरतो. प्रत्येक खेळाडूला एकट्याला बोलावतो आणि दोनच प्रश्न विचारतो. सामना हातचा चालला असताना तू कुणाकडं बघतोस? आणि तुला घरची अडचण आली तर संघात पहिल्यांदा कुणाला सांगशील? 'कर्णधार कोण व्हावा' असं विचारलं, की मुलं मित्राचं किंवा मोठ्या खेळाडूचं नाव घेतात. हे दोन प्रश्न विचारले, की खरं उत्तर देतात. दोन्ही उत्तरांत एकच नाव पुन्हा पुन्हा आलं, तर समितीचं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं, म्हणजे जबाबदारी घेऊन निर्णय देणं, हे मात्र मोठ्या माणसांनीच करायचं. उद्या काही बिनसलं तर 'तुम्हीच निवडला होता' असं मुलांना सुनावण्याची वेळ येता कामा नये.

७. वयाचा मान वेगळा, पट्टीचा मान वेगळा

'तो सर्वांत जुना आहे, त्याचा हक्क आहे' हे वाक्य प्रत्येक बैठकीत येतं. पण बॉबी मूर 1963 मध्ये पहिल्यांदा इंग्लंडचा कर्णधार झाला तेव्हा 22 वर्षांचा होता. तीन वर्षांनी त्यानंच विश्वचषक उचलला.

आपल्या देशातलं उदाहरण तर याहून बोलकं आहे. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताचा कर्णधार होता चुनी गोस्वामी, वय 24. त्याच संघात पी. के. बॅनर्जी होते. दोनच वर्षांपूर्वी, 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते स्वतः भारताचे कर्णधार होते. आता आपल्यापेक्षा लहान कर्णधाराच्या हाताखाली खेळत होते. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम कर्करोगानं आजारी होते. जर्नेल सिंग डोक्याला दुखापत झालेली असताना बँडेज बांधून आघाडीला खेळला. मैदानावरचे प्रेक्षक भारताच्या विरोधात होते. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला भारतानं 2-1 नं हरवलं. त्यातला एक गोल पी. के. बॅनर्जी यांचा आणि दुसरा जर्नेलचा. आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर आजवर मिळालेलं नाही.

या गोष्टीत चुनी गोस्वामींचं नेतृत्व आहे, तेवढाच पी. के. बॅनर्जींचा मोठेपणा आहे. तरुण कर्णधार यशस्वी होतो तो बहुतेक वेळा एखाद्या ज्येष्ठानं मनापासून साथ दिल्यामुळं. म्हणून तरुणाला निवडताना मी ज्येष्ठाला आधी विचारतो, 'तू याच्या मागं उभा राहशील का?' तो 'हो' म्हणाला, की निम्मी लढाई तिथंच जिंकलेली असते.

८. ज्याला पट्टी मिळाली नाही, त्याच्या घरी आधी जा

निवडलेल्याला पेढे देणारे खूप असतात. न निवडलेल्याचा विचार कुणी करत नाही आणि संघ तिथंच तडकतो. 2023 च्या सुरुवातीला लोरीस आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाल्यावर फ्रान्सनं किलियन एम्बापेला कर्णधार केलं. अनेक वर्षं संघाचा कणा असलेला आंत्वान ग्रीझमान त्यामुळं दुखावला होता, हे प्रशिक्षक दिदिए देशाँ यांनीही लपवलं नाही. ग्रीझमान उपकर्णधार झाला आणि खेळत राहिला. एवढ्या मोठ्या खेळाडूला जे वाटतं, ते पेठेतल्या पोराला का वाटू नये?

माझा नेम असा, की नाव जाहीर होण्याआधी ज्याची आशा होती त्या मुलाला स्वतः भेटायचं. कट्ट्यावर नाही आणि फोनवरही नाही, त्याच्या घरी. कारण सरळ सांगायचं. 'तुझ्यात कमी आहे' असं म्हणायचं नाही आणि 'पुढच्या वर्षी तूच' असं खोटं आश्वासनही द्यायचं नाही. यंदाच्या संघाला काय हवं आहे ते सांगायचं आणि त्याच्याकडून काय हवं आहे, तेही सांगायचं. मावळत्या कर्णधारालाही असंच भेटायचं. ज्यानं इतकी वर्षं ओझं वाहिलं, त्याला आपलं पद गेल्याचं दुसऱ्याच्या तोंडून कळणं हा अन्याय आहे.

९. पुढच्याची तयारी आधीचा असतानाच सुरू करा

6 जून 2024 ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर कुवेतविरुद्ध 0-0 बरोबरी झाली आणि सुनील छेत्रीनं आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला. 151 सामने, 94 गोल. पाचच दिवसांनी कतारविरुद्ध गुरप्रीत सिंग संधूनं नेतृत्व केलं. भारत तो सामना 2-1 नं हरला. 2024 या संपूर्ण वर्षात भारताला एकही आंतरराष्ट्रीय सामना जिंकता आला नाही. मार्च 2025 मध्ये, वयाच्या चाळिशीत छेत्री परत आला आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध 3-0 च्या विजयात त्याचा एक गोल होता. त्याच्या निष्ठेला माझा नमस्कार. पण एका माणसाच्या जाण्यानं एवढी पोकळी पडत असेल, तर ती भरायची तयारी त्याच्या उमेदीच्या काळातच व्हायला हवी होती.

छोट्या संघातही हेच. चालू कर्णधाराबरोबर दोन मुलं तयार करा. एखाद्या मैत्रीपूर्ण सामन्यात त्यांना पट्टी द्या, नाणेफेकीला पाठवा, मध्यंतरात बोलू द्या. उपकर्णधार हे शोभेचं पद ठेवू नका. त्याला स्वतंत्र काम द्या, उदाहरणार्थ राखीव खेळाडूंची सगळी जबाबदारी. नवा कर्णधार मोसमाच्या तोंडावर नको, निदान महिनाभर आधी जाहीर करा. सरावात चाचपडायला त्याला तेवढा वेळ मिळाला पाहिजे.

१०. दिलेली पट्टी दोन पराभवांनी काढून घेऊ नका

एकदा निवडलं, की पूर्ण मोसम द्या. दोन सामने हरल्यावर कट्ट्यावर कुजबुज सुरू होते आणि समितीतल्याच कुणाचा तरी धीर सुटतो. कर्णधाराला आपली पट्टी पुढच्या रविवारपर्यंतच आहे असं वाटू लागलं, की तो निर्णय घेणं सोडतो आणि सगळ्यांना खूश करायला लागतो. पट्टी कशामुळं जाऊ शकते, ते पहिल्याच दिवशी सांगून टाका. पंचांवर हात उगारणं, सहकाऱ्याचा अपमान, गॅलरीला भडकावणं. पराभव त्या यादीत नसावा.

हे सगळं मी पेठेच्या संघाच्या अनुभवावरून लिहिलं, पण शाळेच्या, कॉलेजच्या, गावच्या संघाला आणि आता जोमानं वाढणाऱ्या मुलींच्या संघांनाही ते तितकंच लागू आहे. मुलींच्या संघात तर कर्णधाराला घरच्यांची समजूत काढण्याचंही काम असतं. संध्याकाळच्या सरावाला एखादीला पाठवत नसतील, तर तिच्या आईशी जाऊन बोलणारी मुलगीच तिथली खरी कर्णधार.

यंदा ज्या ज्या तालमीत, मंडळात, शाळेत ही बैठक होईल, तिथल्या वडीलधाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. नावं घेण्याआधी काम लिहा. मुलांना एकेकट्याला विचारा. ज्याला मिळणार नाही त्याला आधी भेटा. आणि शेवटी दोन नावांत अडलात, तर एवढंच स्वतःला विचारा, की यांपैकी कोण नसताना बाकीची पोरं जास्त बिथरतात? ज्याचं नाव मनात येईल, त्यालाच पट्टी बांधा आणि मग मोसमभर त्याच्या मागं ठाम उभे राहा.